शेवटचं नाव धरून

माझ्या सासूबाईंना मी नोकरीत नेमकं काय करते हे शेवटपर्यंत कळलं नाही. कुणी विचारलं की त्या सांगायच्या, "ती कंप्युटरमध्ये असते." जणू मी सकाळी डबा घेऊन त्याच्या आत शिरते आणि संध्याकाळी भाजी घेऊन बाहेर पडते. नौपाड्यातल्या आमच्या इमारतीतही तीच समजूत. कुणाचा प्रिंटर अडला, मोबाइलवर मराठी उमटेना, टीव्हीचं चॅनल गेलं की माझी बेल वाजते. यातलं मला काहीही येत नाही हे मी तीस वर्षं सांगतेय, पण लोकांना तो माझा विनय वाटतो.

माझं काम भाषांतराचं. इंग्रजीतून मराठीत वगैरे नव्हे, कंप्युटरच्या एका भाषेतून दुसऱ्या भाषेत. माणसांच्या भाषा म्हाताऱ्या व्हायला काही शतकं लागतात, कंप्युटरच्या भाषा पंधरा-वीस वर्षांत म्हाताऱ्या होतात. मशीन बदलतं आणि नव्या मशीनला जुनी भाषा कळत नाही. मग त्या भाषेत लिहिलेला प्रोग्राम कुणीतरी नव्या भाषेत उतरवावा लागतो. ठाण्यातल्या एका कारखान्याच्या कंप्युटर विभागात मी आधी कोबोल शिकले, मग फॉक्सप्रो, मग पुढच्या दोन-तीन. निवृत्तीनंतर पायथन शिकले, आणि तेही नातवाच्या पुस्तकातून. स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण सांगते. मी उतरवलेल्या प्रोग्रामात बोट ठेवायला जागा नसते अशी माझी ख्याती होती. साहेब लोक नव्या मुलांना सांगायचे, कर्णिक मॅडमची सही असेल तर पुन्हा तपासू नका.

या कामात जीव जातो तो मोठ्या गोष्टींत नाही. जातो तो "कुठून मोजायचं आणि कुठपर्यंत" यात. डोंबिवलीच्या एका वाचनालयाचं काम केलं होतं. जुन्या भाषेत कपाटं एकपासून मोजलेली, नवी भाषा शून्यापासून मोजणारी. मी ग्रंथपालांना सहज म्हटलं, "पहिलं कपाट आता आतमध्ये शून्य नंबरचं असेल." ते गृहस्थ खुर्चीतून उठलेच. "शून्य नंबरचं कपाट? अहो बाई, त्यात ठेवलेलं पुस्तक कोण शोधायला जाणार?" मी समजावलं की शून्य फक्त मशीनच्या पोटात, तुम्हाला पडद्यावर एकच दिसेल. ते म्हणाले, "पोटात तरी कशाला?" पुढे काम उत्तम चाललं, पण ते निवृत्त होईपर्यंत माझ्याकडे संशयानेच बघायचे. एखादं पुस्तक सापडेनासं झालं की म्हणत, शून्यात गेलं असेल.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगून ठेवते. प्रोग्रामात लूप नावाचा प्रकार असतो. हळदीकुंकवाला बायका भिंतीला टेकून ओळीने बसतात आणि यजमानीण तबक घेऊन एकेकीपुढे थांबते. प्रत्येकीला तेच, हळद, कुंकू, तिळगूळ, आणि पुढे. लूप म्हणजे एवढंच. एक कृती आणि ती प्रत्येकापाशी जाऊन करायची. यात दोनच चुका होतात, पहिली बाई राहते किंवा शेवटची. मधली कधीच राहत नाही.

आता मुख्य हकिकत.

कल्याणला थॅलेसेमियाच्या मुलांचं एक केंद्र आहे. या मुलांच्या अंगात रक्त टिकत नाही, साधारण तीन आठवड्यांनी बाहेरून चढवावं लागतं, आणि तेही जन्मभर. केंद्राच्या डॉक्टर माझ्या बहिणीच्या वर्गातल्या, म्हणून वीसेक वर्षांपूर्वी मी त्यांना फॉक्सप्रोमध्ये एक छोटासा प्रोग्राम लिहून दिला होता. रोज सकाळी तो नोंदणीतल्या एकेका मुलापाशी जायचा, मागच्या वेळची तारीख बघायचा, त्यात एकवीस दिवस मिळवायचा आणि दोन दिवसांनी ज्यांची पाळी त्यांची यादी छापायचा. यादी रक्तपेढीत जायची, तिथे त्या मुलाला जुळणारी पिशवी राखून ठेवली जायची आणि केंद्रातून घरी फोन जायचा, "परवा या." यादीत नाव नाही म्हणजे फोन नाही आणि पिशवीही नाही. तो प्रोग्राम वीस वर्षांत एकदाही चुकला नाही. इतक्या मोठ्या कारखान्यात केलेल्या कामापेक्षा मला त्याचाच जास्त अभिमान होता.

गेल्या वर्षी केंद्राचं जुनं मशीन कायमचं बंद पडलं. नव्यावर माझा प्रोग्राम चालेना. नेमकं तेव्हाच माझ्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं, पडद्याकडे बघायचं नाही अशी ताकीद. तोवर हाताने वही लिहायची असं ठरलं. तेव्हा वैशालीचा फोन आला. वैशाली भोईर म्हणजे केंद्राच्या काउंटरवर चौदा वर्षं बसणारी बाई. आंबिवलीजवळच्या गावातली आगरी सून, वय एकेचाळीस, बारावी झालेली, मुलगी कॉलेजात.

"मॅडम, मी करून बघू का?"

"काय करून बघतेस?"

"तुमचा प्रोग्राम. पायथनमध्ये. मी सहा महिने शिकते आहे, मोबाइलवर. कोणाला बोलली नाय."

मी "बघ" म्हटलं. हे "बघ" कसं म्हटलं असेल ते वाचकांनी ओळखावं. पण ती खरंच बसली. जुन्या प्रोग्रामची छापील प्रत माझ्या फायलीतून नेली आणि रोज दुपारी फोन सुरू झाले. डोळ्यांना पट्टी, त्यामुळे मला ऐकण्याशिवाय उद्योगही नव्हता.

"मॅडम, जुन्या भाषेत लूप संपला की एंडफॉर लिहिलंय. नवीन भाषेत ते कुठे लिहायचं?"

"लिहायचंच नाही. ओळी परत डावीकडे सरकल्या की लूप संपला."

"म्हणजे रिकाम्या जागेला पण अर्थ हाय?"

"आहे."

"बरी आहे भाषा," ती म्हणाली. "आमच्या सासूबाईंसारखी. बोलत नाय, पण समजून घ्यायचं."

मला ती आवडायला लागली ती तिथपासून.

डोळे बरे झाल्यावर मी कल्याणला गेले. वैशालीने पडद्यासमोरची खुर्ची पुसून दिली आणि स्वतः मागे उभी राहिली, हात पदरात. मी वाचायला लागले आणि यादीच्या पहिल्याच ओळीत थबकले. मुलांची नावं सुरू होण्याआधी शून्य नंबरच्या जागेवर तिने लिहिलं होतं, "श्री".

"हे काय गं?"

"श्री, मॅडम."

"ते दिसतंय. इथे का?"

"नवीन भाषा शून्यापासून मोजते ना? म्हणजे आपलं एक नंबरचं पोरगं शून्यावर जाणार. सगळ्यांचे नंबर फायलीवर आहेत, हातातल्या कार्डावर आहेत. ते कसे बदलू? म्हणून शून्याची जागा देवाला दिली. वहीत पण आपण पहिल्या ओळीत श्रीच लिहितो ना."

मी हसले. मोठ्याने हसले, हे आज लिहिताना बरं वाटत नाही. मग मी तिला चांगलं वीस मिनिटं शिकवलं, देवाला मशीनच्या मेमरीत बसवत नाहीत, नंबर वेगळे साठवायचे असतात, नीटनेटका प्रोग्राम कसा असतो. ती मान हलवत होती. शेवटी मी उदारपणे म्हटलं, "असू दे, त्याने काही बिघडत नाही." आणि खरंच बिघडत नव्हतं. तिची युक्ती अगदी बरोबर होती. पण श्रीवर भाषण देण्याच्या भरात त्याच्या खालची, लूपची ओळ मी वाचली न वाचल्यासारखी केली. तिच्या प्रोग्रामच्या छापील प्रतीवर सही ठोकली आणि रिक्षाने स्टेशनला आले.

पहिले काही आठवडे उत्तम गेले. मग एक दिवस वैशालीचा फोन. विठ्ठलवाडीच्या एका आईची तक्रार होती की फोन आलाच नाही, तिनेच दिवस मोजून विचारलं म्हणून बरं. "पण मॅडम, मी आता चालवून बघितलं तर नाव बरोबर येतंय."

"येतंय ना? मग नेटवर्कचं काहीतरी असेल."

महिन्याभराने पुन्हा तसंच. दुसरं मूल, दुसरं घर. पुन्हा तपासलं तर नाव येत होतं. मी पुन्हा म्हटलं, चालतंय ना आता, मग झालं. चाळीस वर्षांच्या नोकरीत मी नव्या मुलांना हजारदा बजावलं होतं की आपोआप बरी झालेली चूक बरी झालेली नसते, लपलेली असते. स्वतःच्या वेळी मात्र मला ते वाक्य आठवलं नाही. माझी सही होती ना त्यावर.

तिसरी वेळ स्वराची. दोन वर्षांची मुलगी, टिटवाळ्याची. छत्तिसावी नोंद. बाप रिक्षा चालवतो. पहिल्या वेळी रक्त चढवून घरी सोडताना केंद्रात सगळ्यांना सांगतात तेच त्यांनाही सांगितलं होतं, "काळजी करू नका, आम्ही फोन करू." ते दोघं फोनची वाट बघत बसले. मुलगी खाईना, खेळेना, नुसती पडून राहायला लागली, तरी आई म्हणायची, फोन येईल, ते म्हणालेत. पाळी टळून गेल्याच्या सहाव्या दिवशी बापाने तिला उचलून रिक्षात घातलं आणि केंद्रात आणलं. तिचे ओठ पांढरे पडले होते, आणि तिच्यासाठी पिशवी राखलेली नव्हती. डॉक्टरांनी तीन रक्तपेढ्यांना फोन लावले. दुपारी उशिरा पिशवी जुळली, रक्त सुरू झालं आणि मुलगी सावरली. पण तोवरचे ते पाच-सहा तास त्या घराने कसे काढले असतील ते मी वैशालीच्या आवाजावरून ओळखलं.

"मॅडम, मी जुनी वही काढली आहे. उद्यापासून हाताने यादी करणार. आपल्याला नाय जमणार हे. पोरगी गेली असती."

"काही बंद करू नकोस. वही लिहीतच राहा, पण मी येईपर्यंत प्रोग्रामला हात लावू नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कल्याणला पोहोचले. वैशाली काउंटरवर बसली होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. मी तिला फायलींच्या खोलीत नेलं आणि आमच्या जुन्या पद्धतीने बसवलं. ही पद्धत मला माझ्या पहिल्या साहेबांनी शिकवली. मोठ्या यादीत चूक शोधायची नाही, यादी तिनाची करायची. एक पहिला, एक मधला, एक शेवटचा. मग एकाने मशीन व्हायचं आणि दुसऱ्याने ओळ वाचायची. मी तीन कोऱ्या कार्डांवर नंबर घातले आणि टेबलावर ओळीने मांडली.

"तू मशीन. लिहिलंय तेवढंच करायचं, डोकं चालवायचं नाही. वाच ओळ."

"रेंज, कंसात एक स्वल्पविराम तीन."

"म्हणजे?"

"एकपासून तीनपर्यंत." आणि तिने बोट ठेवत मोजलं. "एक. दोन. तीन. बरोबर आहे की."

मीही बघितलं. बरोबरच दिसत होतं. जुन्या प्रोग्रामात माझ्याच हाताने असंच "एक ते शेवटचा नंबर" लिहिलेलं, तिने ते शब्दाला शब्द ठेवून उतरवलेलं. आम्ही दोघी मराठी बायका, दोघींच्या डोक्यात पर्यंत म्हणजे पर्यंत. पाचपर्यंत पाढे म्हण म्हटलं की पाचाचा पाढा आलाच. माणूस मशीन झाला तरी त्याच्या कानांतली भाषा जात नाही.

"आता खऱ्या मशीनला विचार," मी म्हटलं.

तिने ती एवढीच ओळ नव्याने लिहून चालवली. पडद्यावर आलं, एक. मग दोन. मग काही नाही.

वैशाली पडद्याकडे बघत राहिली. टेबलावरचं तिसरं कार्ड उचललं, पुन्हा खाली ठेवलं. मग एकदम म्हणाली, "अहो मॅडम! ही आंबिवलीपर्यंतचं तिकीट देते आणि शहाडलाच उतरवते!"

आंबिवलीच्या अलीकडचं स्टेशन शहाड. याहून चांगलं स्पष्टीकरण मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही. नव्या भाषेत दुसरा आकडा हा पोहोचण्याचा नसतो, थांबण्याचा असतो. त्याच्या आधीच लूप संपतो. हे मला ठाऊक होतं. परीक्षेत विचारलं असतं तर झोपेत सांगितलं असतं. पण त्या दिवशी मी श्री वाचत होते.

मग बाकीचं आपोआप उलगडलं. यादीतलं शेवटचं नाव रोज सुटत होतं, आणि शेवटचं नाव म्हणजे नेहमी सगळ्यांत नवं मूल. नवी नोंद झाली की आधीचं शेवटचं आत यायचं आणि नवं बाहेर राहायचं. म्हणून तक्रार आल्यावर तपासावं तर नाव हजर. जुनी घरं स्वतःच दिवस मोजतात, फोन नाही आला तर तीच फोन करतात. ज्यांना अजून काहीच कळत नव्हतं, जी फक्त आमच्या शब्दावर विसंबून होती, नेमकी तीच सुटत होती. स्वरानंतर बरेच दिवस नवं कुणी आलं नाही, म्हणून तिला आत ढकलायला कुणी नव्हतं.

वैशाली डोळे पुसायला लागली. तेवढ्यात डॉक्टर आत आल्या. "सापडलं?"

"सापडलं," वैशाली म्हणाली. "चूक माझी होती."

मी क्षणभर गप्प राहिले. ते क्षणभर मला अजून टोचतं. मग फाइलमधून ती छापील प्रत काढली आणि डॉक्टरांच्या हातात दिली. "लिहिताना तिची झाली असेल. पण तपासायला मी होते. ही खाली सही माझी आहे. दोनदा तिने फोन करून सांगितलं, दोन्ही वेळा मी तिला गप्प केलं."

डॉक्टरांनी सहीकडे बघितलंही नाही. "कर्णिकताई, कुणाची ते नंतर. आज कुणाचं नाव सुटलंय ते सांगा."

स्वराच्या मागे त्याच सकाळी एक नाव लागलं होतं, उल्हासनगरचं बाळ. वैशालीने हाताने त्याची तारीख काढली, मग आधीच्या सगळ्या नोंदी एकेक करून वहीशी ताडल्या. विठ्ठलवाडीचं मूल, दुसरं एक आणि स्वरा, या तिघांशिवाय कुणीही सुटलं नव्हतं. मग मी तिला खुर्चीत बसवलं.

"आता दुरुस्त कर."

"तुम्ही करा, मॅडम."

"मी नाही करणार."

ती बराच वेळ त्या ओळीकडे बघत होती. "शहाडच्या पुढचं हवं असेल तर त्याच्याही पुढच्या टिटवाळ्याचं तिकीट काढायचं, म्हणजे आंबिवलीला उतरवेल. असंच ना?" आणि तिने शेवटच्या आकड्याला जोडून लिहिलं, अधिक एक. चालवलं. छत्तीस, सदतीस. उल्हासनगरचं बाळ पडद्यावर आलं.

प्रोग्रामात ओळीच्या शेवटी माणसांनी माणसांसाठी टीप लिहायची सोय असते. मशीन ती वाचत नाही. वैशालीने तिथे मराठीत टंकलं, "शेवटचं नाव धरून." इतक्या वर्षांत मी लिहिलेल्या सगळ्या टिपा इंग्रजीत होत्या आणि त्यातली एकही इतकी उपयोगाची नव्हती. श्री काढू का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, खबरदार.

त्यानंतर तिने केंद्राचे आणखी दोन प्रोग्राम उतरवले. माझ्याकडे तपासायला पाठवते, आणि मी आता तिनाच्या यादीवर चालवल्याशिवाय सही करत नाही. प्रत्येक लूपपाशी ती टीप असते. परवा एका रक्तपेढीने तिला विचारलं, आमचंही करून द्याल का. तिने मला फोन केला. मी म्हटलं, मला कशाला विचारतेस? फोन ठेवल्यावर घरात मी एकटीच होते, तरी कुणाला तरी सांगावंसं वाटलं, म्हणून सासूबाईंच्या फोटोला सांगितलं.

या संक्रांतीला केंद्रात सगळ्या घरांना बोलावलं होतं. आया, बाप, आज्या ओळीने बसलेल्या. स्वरा लाल स्वेटर घालून सगळ्यांच्या पायांतून पळत होती, तिची आई ओळीच्या टोकाला दारापाशी. वैशाली तिळगुळाचं तबक घेऊन निघाली. एकेकापुढे थांबत, नाव घेत, कुणालाही न विसरता ती टोकाला पोहोचली. स्वराच्या आईच्या हातावर लाडू ठेवला. ओळ संपली.

बाहेर पॅसेजमध्ये एक बाई उभी होती. खांद्यावर तान्हं मूल, हातात डॉक्टरांची चिठ्ठी, आत यावं की नाही या विचारात. तिची अजून नोंद झाली नव्हती, तिला नंबरही नव्हता. वैशालीने तबक तसंच पुढे नेलं, दाराबाहेर गेली, तिच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि तिला आत घेऊन आली.

माझ्या शेजारून जाताना ती हळूच म्हणाली, "अधिक एक, मॅडम."